पेनिसिलीन : त्याचे उपयोग व त्यापासून होणारे अपाय

गुरांच्या आजारांत जीं औषधें आज आपल्या गोठ्यांत येतात, त्यांत पेनिसिलीनइतकें सर्वांच्या तोंडीं बसलेलें औषध क्वचितच दुसरें असेल. गाईची कास सुजली, बैलाच्या पायास फाळ लागून जखम चिघळली, कीं "पेनिसिलीनची एक सुई द्या" असें गडीमाणूसहि सांगतो. गुण आला म्हणजे औषधाची कीर्ति वाढते. न आला म्हणजे जनावराचें दैव खोटें, असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु हें औषध कोणत्या रोगावर चालतें व कोणत्यावर चालत नाहीं, तें किती दिवस द्यावें, अंगांत गेल्यावर त्याचें पुढें काय होतें, आणि त्यापासून जनावरास, औषध देणाऱ्यास व दूध पिणाऱ्यास काय अपाय संभवतात, याचा विचार थोड्याच ठिकाणीं होतो. तो विचार आमच्या वाचकांपुढें मांडावा, हा या लेखाचा हेतु आहे.

शोधाची हकीकत

पेनिसिलीन हें एका बुरशीपासून निघालेलें औषध आहे. इ. स. १९२८ च्या सप्टेंबर महिन्यांत लंडन येथील सेंट मेरी रुग्णालयांत डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांस, पू उत्पन्न करणारे जंतु ज्या कांचेच्या तबकडीवर त्यांनीं वाढविले होते, तींत एका ठिकाणीं बुरशी आलेली दिसली. आणि त्या बुरशीच्या सभोंवतालचे जंतु विरघळून गेलेले आढळले. बुरशी आपल्यापासून कांहीं तरी जंतुनाशक द्रव्य सोडीत असली पाहिजे, हें त्यांनीं ताडलें व बुरशीच्या जातीवरून त्या द्रव्यास पेनिसिलीन असें नांव दिलें. परंतु तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत निराळें काढणें त्यांस साधलें नाहीं.

तें काम पुढें ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व हीटली या शास्त्रज्ञांनीं हातीं घेतलें. २५ मे १९४० रोजीं त्यांनीं आठ उंदरांच्या अंगांत मारक जंतु टोंचले व त्यांपैकीं चौघांस पेनिसिलीन दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात तों औषध न दिलेले चारहि उंदीर मेलेले आणि औषध दिलेले चारहि जिवंत ! पुढें फेब्रुवारी १९४१ मध्यें, तोंडावरील जखम चिघळून सर्वांगांत विष भिनलेल्या एका पोलीस शिपायास हें औषध प्रथम देण्यांत आलें. त्याचा ताप उतरला, भूक परतली, सूज ओसरूं लागली. पण औषधाचा सांठा संपला. रोग्याच्या लघवींतून बाहेर पडलेलें औषध पुन्हां गाळून काढून त्यास देण्यापर्यंत त्या लोकांनीं खटपट केली, तरी पुरवठा अपुराच पडला. रोग उलटला आणि मार्चमध्यें तो शिपाई मरण पावला. या हकीकतींत दोन गोष्टी आहेत, त्या वाचकांनीं लक्षांत ठेवाव्या. पहिली ही कीं, रोग हटला असें वाटत असतां औषध थांबलें तर रोग पुन्हां उसळी घेतो. दुसरी ही कीं, पेनिसिलीन शरीरांत मुरून राहत नाहीं. तें झपाट्यानें बाहेर पडतें. पुढील सर्व विवेचन या दोन गोष्टींवरच उभें आहे.

पेनिसिलीन मुबलक होण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं शेतीकडे जातें, हें आमच्या वाचकांस ऐकून संतोष वाटेल. इ. स. १९४१ सालीं फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले. तेथें पिओरिया गांवीं त्या देशाच्या शेतकी खात्याची प्रयोगशाळा होती. मक्याचें सत्त्व काढतांना जें भिजवणीचें पाणी उरतें, तें बुरशीस खाद्य म्हणून दिल्यास पेनिसिलीनचें उत्पन्न अनेक पटींनीं वाढतें, असें तेथें दिसून आलें. पुढें इ. स. १९४३ मध्यें त्याच गांवच्या बाजारांतील एका बुरसलेल्या खरबुजावर जी बुरशी सांपडली, ती पूर्वीच्या बुरशीहून कितीतरी सरस ठरली. आपल्या देशांत सरकारी मालकीचा पेनिसिलीनचा कारखाना पुण्याजवळ पिंपरी येथें निघाला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या नांवाची ही कंपनी इ. स. १९५४ सालीं स्थापन झाली व पुढच्याच वर्षीं तेथें उत्पादन सुरू झालें. अशा रीतीनें एके काळीं लघवींतून गाळून काढावें लागणारें औषध आज तालुक्याच्या दुकानांत सहज मिळतें. तें स्वस्त व सुलभ झाल्यामुळेंच त्याच्या वापरांत बेपर्वाई शिरली आहे.

हें औषध जंतूंस कसें मारतें

जंतूच्या शरीराभोंवतीं एक टणक भिंत असते. जंतु वाढतो व एकाचे दोन होतात, तेव्हां ही भिंत त्यास नव्यानें बांधावी लागते. पेनिसिलीन ही बांधणी पुरी होऊं देत नाहीं. भिंत कच्ची राहिली म्हणजे बाहेरचें पाणी आंत शिरतें आणि जंतु फुगून फुटतो. जनावरांच्या किंवा माणसांच्या शरीरांतील पेशींना अशी भिंतच नसते. म्हणून जें औषध जंतूंचा संहार करतें, तें गाईच्या शरीरास सहसा बाधत नाहीं.

यावरून तीन अनुमानें निघतात. जे जंतु वाढत आहेत त्यांवरच हें औषध चालतें. म्हणून रोगाच्या आरंभीं दिल्यास गुण अधिक. ज्या जंतूंच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असतें, त्यांच्यावर साध्या पेनिसिलीनचा जोर चालत नाहीं. आणि ज्या रोगांचें मूळ असे जंतु नसून दुसरें कांहीं आहे, तेथें हें औषध देणें म्हणजे पाण्यावर काठी मारणें होय.

कोणत्या रोगांत उपयोगी

दुभत्या जनावरांत पेनिसिलीनचा मोठा उपयोग कासदाहांत होतो. यासच आपल्याकडे दगडी असें म्हणतात. कास तापते, कठीण होते, दुधांत गुठळ्या, पाणी किंवा रक्त येतें. हा रोग एकाच जंतूपासून होत नाहीं. स्ट्रेप्टोकॉकस नांवाच्या माळेसारख्या जंतूंपासून झालेला कासदाह पेनिसिलीननें लवकर बरा होतो. इतर जंतूंचा होईलच असें नाहीं. याविषयीं पुढें सांगूं.

फऱ्या, ज्यास कोठें कोठें एकटांग्या म्हणतात, त्या रोगांत तरुण व धष्टपुष्ट जनावराच्या फऱ्यावर सूज येते व ती दाबल्यास चरचर वाजते. लक्षण दिसतांच पशुवैद्याकडून मोठ्या मात्रेंत पेनिसिलीन मिळालें तर जनावर वांचण्याची आशा असते. कांहीं तास गेले कीं ती मावळते. फाशी या रोगावरहि हें औषध उत्तम चालतें. परंतु त्या रोगांत पुष्कळदां जनावर मेलेलेंच आढळतें. अशा वेळीं कळपांतील ज्या इतर जनावरांस ताप आहे, त्यांस तें उपयोगी पडतें. फाशीनें मेल्याचा संशय असलेलें जनावर कापूं अगर सोलूं नये. पशुवैद्यास कळवून, त्याच्या सांगण्याप्रमाणें जाळावें किंवा खोल पुरावें. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. फाशीची लस जिवंत जंतूंची असते. ती व पेनिसिलीन एकाच वेळीं दिल्यास औषध लशींतील जंतूंसहि मारतें आणि लस फुकट जाते.

धनुर्वातांत पेनिसिलीन जखमेंतील जंतूंचा नाश करतें. पण जंतूंनीं जें विष अगोदरच रक्तांत सोडलें, त्यावर त्याचा इलाज नाहीं. त्यासाठीं विषावरील उतारा निराळा द्यावा लागतो. लांब खिळ्याच्या किंवा फाळाच्या जखमा, खच्चीकरणाच्या जखमा यांमध्येंहि पशुवैद्य या औषधाचा उपयोग करतात.

कोठें उपयोग नाहीं

लाळ-खुरकूत व लम्पी हे विषाणूंपासून होणारे रोग आहेत. विषाणूस भिंत नाहीं, तेव्हां पेनिसिलीननें त्याचें कांहींच बिघडत नाहीं. या रोगांत पशुवैद्य कधीं कधीं प्रतिजैविक देतात, तें मूळ रोगासाठीं नसून तोंडांत, खुरांत अथवा कातडीवर पडलेल्या जखमांत दुसरे जंतु शिरूं नयेत म्हणून. गोचिडांपासून येणारा थायलेरियाचा ताप निराळ्याच प्रकारच्या सूक्ष्म परोपजीवींचा असतो. त्यावरील औषधेंहि निराळीं आहेत. व्याल्यावर गाय थंड पडते, मान पोटाकडे वळवून बसते, तो दुग्धज्वर. नांवांत ज्वर असला तरी त्यांत ताप नसतो. रक्तांतील कॅल्शियम कमी झाल्यानें ही अवस्था येते. अशा गाईस पेनिसिलीन टोंचण्यांत जे दोन तास जातात, तेच तिच्या प्राणावर बेततात.

कासदाहांतहि दोन प्रकार पेनिसिलीनला दाद देत नाहींत. शेणांतून येणाऱ्या कोलाय जंतूंस वर सांगितलेलें बाहेरचें आवरण असतें. यांचा कासदाह अतिशय तीव्र असतो व गाय एका दिवसांत आडवी पडते. दुसरे स्टॅफिलोकॉकस जंतु कासेच्या मांसांत खोल दडून बसतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ जंतु पेनिसिलीन फोडून टाकणारा पदार्थ स्वतःच तयार करतात. म्हणून पहिल्या उपचारानें गुण न आल्यास सुईमागून सुई देत बसूं नये; दुधाचा नमुना तपासून घ्यावा. सड स्पिरिटनें पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलींत नमुना धरावा आणि तो औषध देण्यापूर्वीं धरावा. औषध दिल्यानंतर धरलेल्या नमुन्यांत जंतु उगवत नाहींत व तपासणी वायां जाते. अशा तपासण्यांसाठीं पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यास औंध येथें आहे; नमुना कोठें व कसा पाठवावा हें गांवचा पशुवैद्यकीय दवाखाना सांगूं शकेल.

मात्रा व मुदत

पेनिसिलीन युनिटांत मोजतात. एक युनिट म्हणजे ०·६ मायक्रोग्राम. म्हणजे दहा लक्ष युनिटें हें वजनानें अवघें सहा दशांश ग्राम भरतें. बाजारांत त्याचे मुख्यतः तीन प्रकार येतात. साधें स्फटिकरूप पेनिसिलीन लवकर रक्तांत चढतें व कांहीं तासांतच लघवीवाटे निघून जातें. प्रोकेन पेनिसिलीन मांसांतून हळू हळू झिरपतें व सुमारें एक दिवस पुरतें. बेंझाथीन पेनिसिलीन त्याहूनहि सावकाश, कित्येक दिवस उतरत राहतें. पण रक्तांत त्याचें प्रमाण कमी असल्यामुळें नाजूक प्रसंगीं त्यावर विसंबतां येत नाहीं. तीनहि बाटल्यांवर पेनिसिलीन हेंच नांव असल्यानें पुष्कळांस त्या एकच वाटतात. साधें पेनिसिलीन दिवसांतून एकदां टोंचून स्वस्थ बसणें, म्हणजे रात्रभर राखणीवांचून पीक सोडण्यासारखें आहे.

मात्रा जनावराच्या वजनावर व रोगावर ठरते, आणि ती पशुवैद्यानेंच ठरवावी. आम्ही येथें आंकडे मुद्दामच देत नाहीं. मुदतीविषयीं मात्र निक्षून सांगावेंसें वाटतें. तीन दिवस सांगितले असतां दुसऱ्या दिवशीं दूध स्वच्छ दिसलें म्हणून तिसऱ्या दिवसाची सुई वांचविणें, ही काटकसर अंगावर येते. पहिल्या दिवशीं दुबळे जंतु मरतात. उरतात ते चिवट. तेच पुन्हां वाढले म्हणजे दुसऱ्या वेळीं तेंच औषध अपुरें पडतें.

आणखी एक गोष्ट. कोरडी पूड कुपींत टिकते, पण पाण्यांत कालवल्यावर तिची शक्ति झपाट्यानें कमी होते. उष्ण जागीं तर फारच. गोठ्याच्या वळचणीस खोंचून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या महिन्यांत दुसऱ्या गाईस टोंचणें म्हणजे औषध नव्हे, औषधाचा आभास देणें होय.

जनावरास व माणसास होणारे अपाय

पेनिसिलीन हें स्वतः फार विषारी नाहीं. तरी तें निरुपद्रवी आहे असें मात्र नाहीं. कांहीं जनावरांस व माणसांस त्याचें वावडें असतें. पूर्वीं एकदां औषध घेतलें असतां शरीर त्याविषयीं तापट होऊन बसतें आणि पुढच्या वेळीं सुई दिल्यावर कांहीं मिनिटांतच उपद्रव सुरू होतो. अंगावर पित्तासारख्या गांधी उठणें, पापण्या व नाकपुड्या सुजणें, थरथर कांपणें, धाप लागणें व क्वचित् कोसळून मरणें, अशीं लक्षणें दिसतात. यावर अॅड्रेनॅलीन हें औषध पशुवैद्यापाशीं असतें. तें वेळेवर मिळालें तर जनावर वांचतें. म्हणून सुई देणाऱ्यानें ती देऊन तत्काळ निघून जाऊं नये. निदान अर्धा तास जनावराकडे लक्ष ठेवावें. ज्या जनावरास एकदां असा त्रास झाला, त्याची नोंद ठेवून त्यास तें औषध पुन्हां कधींहि देऊं नये.

प्रोकेन पेनिसिलीन शिरेंत गेल्यास जनावर एकाएकीं बावचळतें, उधळतें, पडतें व मरूंहि शकतें. तें नेहमीं मांसांतच द्यावयाचें असतें, व सुई टोंचल्यावर दट्ट्या किंचित् मागें ओढून रक्त येत नाहीं ना, हें पाहावयाचें असतें. साध्या पेनिसिलीनपैकीं पोटॅशियमयुक्त प्रकार शिरेंत भरभर सोडल्यास हृदयावर घाला पडतो. एकच सुई उकळल्यावांचून पांच जनावरांस वापरल्यास गळवें होतात, हें सांगावयास नकोच.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत चारा पचविणारे असंख्य उपकारक जंतु असतात. त्यास पेनिसिलीन तोंडानें दिल्यास हे जंतु मरून चारा पचेनासा होतो. ससे पाळणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. सशास पेनिसिलीन तोंडानें दिल्यास आंतड्यांतील जंतूंचा समतोल बिघडून तो हगवणीनें मरतो.

ज्या माणसास पेनिसिलीनचें वावडें आहे, त्यानें तें हाताळूंहि नये. नुसत्या शिंतोड्यानें त्याच्या हातांस पुरळ उठतें. गोठ्यांत औषध देणाऱ्या गड्यास हा प्रश्न आधीं विचारावा. तो न विचारतां त्याच्या हातीं बाटली देणें बरें नव्हे.

दुधांत उतरणारें औषध

आतां आम्ही लेखाच्या मुख्य भागाकडे येतों. सुई मांसांत दिली तरी औषध रक्तावाटे कासेंत पोंचतें व दुधांत उतरतें. सडांत नळी सोडली तर तें प्रथम दुधांतच असतें. एकाच सडावर उपचार केला म्हणून उरलेल्या तीन सडांचें दूध निर्दोष, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. औषध एका सडांतून रक्तांत व रक्तांतून दुसऱ्या सडांत जातें. म्हणून चारहि सडांचें दूध सारखेंच वर्ज्य मानलें पाहिजे.

हें प्रमाण किती अल्प असतांहि बाधक होतें, तें हिशेबानें पाहूं. जागतिक अन्नमानें ठरविणाऱ्या कोडेक्स या संस्थेनें दुधांत पेनिसिलीनची मर्यादा दर किलोग्रामास ४ मायक्रोग्राम इतकी ठरविली आहे. सडांत सोडावयाच्या एका नळींत एक लक्ष युनिटें औषध आहे असें धरूं. म्हणजे ६०,००० मायक्रोग्राम. त्याचा केवळ दहावा हिस्सा एका वेळच्या दुधांत आला, तरी तो ६,००० मायक्रोग्राम होतो. त्यास ४ नें भागल्यास १,५०० येतात. म्हणजे एका गाईचें पांच लिटर दूध, गांवच्या संकलन केंद्रांतील दीड हजार किलोग्राम दूध मर्यादेच्या टोंकास नेण्यास पुरेसें आहे. दोष एका गोठ्याचा, पण नाकारला जातो सर्व गांवाचा टँकर. आणि ज्या विधवेनें आपल्या एकुलत्या म्हशीचें चोख दूध घातलें, तिलाहि त्या नुकसानींत वांटा उचलावा लागतो.

याची एक खूण घरोघरीं माहीत आहे, पण तिचा अर्थ लावला जात नाहीं. विरजण घातलेलें दूध सकाळीं तसेंच राहतें, दहीं लागत नाहीं. तेव्हां घरांतील बाई विरजणास किंवा थंडीस बोल लावते. दहीं लावणारे जंतु हेहि जंतुच असून पेनिसिलीनला फार हळवे असतात. दुधांत औषध असल्यास ते वाढूंच शकत नाहींत. दूध उकळल्यानें जंतु मरतात, पण पेनिसिलीनचा फारच थोडा अंश नाश पावतो. तेव्हां "आम्ही तापवूनच पितों" हें समाधान येथें उपयोगी नाहीं. उलट, दहीं लागलें म्हणजे दूध निर्दोष झालें असेंहि समजूं नये; मर्यादेपेक्षां थोडेंसें अधिक औषध असतांहि दहीं लागूं शकतें. खात्री करण्यास डेअरींतील चांचणीच पाहिजे.

असें दूध ज्यास पेनिसिलीनचें वावडें आहे त्याच्या पोटांत गेल्यास त्यास उपद्रव होऊं शकतो, आणि आपल्या अंगावर आलेलें पित्त कशाचें, हें त्यास कधींच कळत नाहीं.

दूध किती दिवस वर्ज्य करावें, हें औषधाच्या वेष्टणावर छापलेलें असतें, आणि निरनिराळ्या औषधांस ही मुदत निरनिराळी असते. ती शेवटच्या मात्रेपासून मोजावयाची असते, पहिल्या मात्रेपासून नव्हे. इ. स. २०१२ मध्यें केंद्र सरकारनें औषधविषयक नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणें, अशी मुदत छापलेली नसल्यास दूध व अंडीं यांस निदान ७ दिवस आणि मांसास निदान २८ दिवस धरावी लागते. हें वर्ज्य दूध वासरांस पाजण्याची चाल आहे. तें दूध वायां जात नाहीं असें दिसतें खरें. पण त्यामुळें वासराच्या आंतड्यांत औषधास न जुमानणारे जंतु पोसले जातात, आणि तेच पुढें शेणावाटे गोठाभर पसरतात. तें दूध टाकून द्यावें, हेंच बरें.

जंतूंचें चिवट होणें

सर्वांत मोठा अपाय तत्काळ दिसत नाहीं. पेनिसिलीन फोडून टाकणारा पदार्थ जंतु तयार करूं शकतात, हें अब्राहम व चेन यांनीं इ. स. १९४० सालींच, म्हणजे वर सांगितलेल्या शिपायास औषध मिळण्यापूर्वींच, दाखवून दिलें होतें. स्वतः फ्लेमिंग यांनीं इ. स. १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना जें व्याख्यान दिलें, त्यांत जंतु मरणार नाहींत इतकें थोडें औषध देत गेल्यास ते औषधास सरावतात, असा इशारा दिला होता. शेतकऱ्यास ही गोष्ट समजावयास कठीण नाहीं. एकच कीटकनाशक पातळ करून वर्षानुवर्षें फवारलें म्हणजे बोंडअळी त्यास जुमानीनाशी होते, हें आपण कपाशींत पाहिलें आहे. जंतूंची पिढी तर तासाच्या आंत बदलते. त्यांस चिवट होण्यास हंगाम लागत नाहीं.

असे चिवट जंतु गाईच्या कासेंतच राहत नाहींत. दूध काढणाऱ्याच्या हातावर, शेणांत, शेणखतांत, पाण्यांत ते जातात, आणि आपला गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंसहि देऊं शकतात. उद्यां घरांतील मुलाच्या जखमेंत तेच शिरले, तर डॉक्टरच्या हातांतील औषधहि चालेनासें होतें. या भीतीमुळेंच माणसांच्या गंभीर दुखण्यांत अखेरचें म्हणून राखून ठेवलेलें कोलिस्टिन हें प्रतिजैविक, खाद्योपयोगी जनावरांस देण्यावर भारत सरकारनें इ. स. २०१९ सालीं बंदी घातली. पेनिसिलीनवर अशी बंदी नाहीं. तें पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मिळतें. पण चिठ्ठीवांचून तें देणारा दुकानदार आपल्यावर उपकार करतो, असें कोणी समजूं नये.

काय करावें

या सर्वांचा निष्कर्ष पेनिसिलीन वापरूं नये, असा नाहीं. योग्य रोगांत, योग्य मात्रेंत, पुऱ्या मुदतीनें दिल्यास त्यासारखा सोबती नाहीं. परंतु त्याची गरजच कमी पडावी, अशी व्यवस्था आपल्या हातीं आहे, आणि तींत खर्चापेक्षां शिस्तच अधिक लागते.

१. धार काढण्यापूर्वीं हात व सड धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्यानें पुसावे. प्रत्येक जनावरास फडकें निराळें असावें. अंगठा मुडपून धार काढण्याची चाल सोडावी. तिनें सडास आंतून इजा होते. मुठीनें काढावी व कास पूर्ण रिकामी करावी.

२. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर अगर काळ्या वाटींत घ्याव्या. गुठळी, कणी किंवा पाणचटपणा दिसल्यास कास सुजण्याची वाट न पाहतां पशुवैद्यास कळवावें. रोगी गाय नेहमीं सर्वांच्या शेवटीं पिळावी.

३. धार संपतांच सड आयोडीनच्या सौम्य द्रवांत बुडवावे आणि जनावरापुढें चारा टाकावा, म्हणजे तें अर्धा तास उभें राहतें. धारेनंतर सडाचें तोंड कांहीं वेळ उघडें असतें; तेवढ्यांत जनावर शेणांत बसलें कीं जंतु आंत शिरतात.

४. फऱ्या व घटसर्प यांच्या लशी पावसाळ्यापूर्वींच टोंचून घ्याव्या. जेथें फाशी वारंवार होते तेथें तिचीहि घ्यावी.

५. गाय आटवितांना सडांत औषध सोडण्याची पद्धति आहे, ती उपयुक्त आहे. पण औषध कोणतें, कोणत्या गाईस, व व्याल्यानंतर चीक आणि दूध किती दिवस वर्ज्य, हें पशुवैद्यास विचारूनच ठरवावें.

६. औषध दिलेल्या जनावराच्या पायांत लाल दोरी बांधावी, म्हणजे धार काढणारा कोणीहि असला तरी त्यास तें ओळखूं येतें. गोठ्यांत एक वही टांगून तींत जनावर, औषध, पहिल्या व शेवटच्या मात्रेची तारीख, आणि दूध केंद्रावर पुन्हां घालण्याची तारीख, इतकें लिहावें.

शेवटल्या कलमावर आमचा विशेष भर आहे. दहा लिटरांची गाय चार दिवस वर्ज्य केली तर चाळीस लिटर दूध ओतून द्यावें लागतें. तें ओततांना जीव हळहळतो, हें आम्ही जाणतों. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या सद्बुद्धीवर सोडूं नये. ज्या गांवीं दूध एकत्र जमतें, तेथील सभासदांनीं सभेंत बसून ठराव करावा कीं, औषध दिलेल्या जनावराची वर्दी केंद्रावर द्यावयाची आणि खरी वर्दी देणाऱ्यास कोणी दूषण द्यावयाचें नाहीं. शक्य तेथें संस्थेच्या निधींतून त्याच्या टाकलेल्या दुधाची कांहीं भरपाईहि करावी. वर्दी देणाऱ्यास शिक्षा व लपविणाऱ्यास लाभ, अशी रीत जेथें असेल तेथें लपविणारेच वाढतील. आमच्या वाचकांपैकीं जे अशा संस्थांचे पंच अगर सभासद असतील, त्यांनीं येत्या सभेंत हा विषय काढावा, आणि तोंवर निदान आपल्या गोठ्यांत वही व लाल दोरी आजच आणून ठेवावी, अशी आमची विनंति आहे.